दोराला पहिला हात

वेळणे बंदरात खांबांची धास्ती आता कुणालाच उरली नव्हती. सुरुवातीला होती, नाही असं नाही. सेरावान देशाच्या वाणिज्य दूतावासाच्या फाटकाशी दोन बाजूंना दोन राखाडी खांब उभे राहिले, त्या पहिल्या आठवड्यात मासळीवाल्या बायका समोरून जाताना तोंडावर पदर घ्यायच्या. मग कळलं की खांब तोंड बघतच नाही. तो वीस पावलांवरून माणसाच्या छातीचे ठोके मोजतो, श्वास मोजतो, कातडीची ऊब मोजतो आणि सगळ्याचा मिळून शंभरपैकी एक आकडा काढतो. त्याला म्हणायचं आवेगांक. साठच्या आत हिरवा दिवा, पुढे पिवळा, पंच्याऐंशीनंतर लाल. एवढं कळल्यावर वेळण्याच्या लोकांना टवाळीला निमित्तच मिळालं. गावच्या रापणीचा म्होरक्या, म्हणजे तांडेल, बाबल चोडणेकर फाटकासमोरून बाजारात निघाला की कुणीतरी हमखास ओरडायचं, "बघा रे, बघा! बायल वांगडा असली की बाबलचो आकडो पिवळो!" आणि बायको शेजारी असतानाच बाबलकाका शिवी हासडायचा, की दिवा खरोखरच पिवळा व्हायचा.

पण आवेगमापी खांब काही टवाळीसाठी बसवलेले नव्हते. मधल्या काही वर्षांत जगात चार-पाच ठिकाणी परक्या देशांच्या कचेऱ्या जमावाने जाळल्या होत्या. कुठे भांडण सीमेचं, कुठे पाण्याचं, कुठे नुसती अफवा. चौकशीत दर वेळी एकच गोष्ट निघाली: फाटकावर पोलीस होते, आणि त्यांनी नेमकं त्याच वेळी दुसरीकडे बघितलं. राग त्यांनाही आलेला होता ना! पाहुण्या देशाची कचेरी राखणं हे यजमान देशाचं कर्तव्य, असं करारात कितीही ठसठशीत लिहिलेलं असो, फाटकावर उभा असतो तो माणूस. म्हणून देशादेशांनी ठरवलं की माणसाच्या जोडीला यंत्र द्यायचं. फाटकापासून दहा पावलांच्या आत कुणाचा आवेगांक पंच्याण्णवच्या पुढे गेला, तर खांब आपण होऊन त्याच्यावर नादझोत सोडणार. हा नादझोत म्हणजे कानाला जेमतेम ऐकू येणारा, पण डोक्यात भोवरा उठवणारा आवाज. माणूस जागच्या जागी खाली बसतो, मरत नाही. वर्दीला यात सूट नव्हती. वर्दीवाल्यांनीच तर दुसरीकडे बघितलं होतं.

या फाटकावर चार वर्षं दिवसपाळी करत होती हवालदार दीपश्री मेथर. वेळण्याचीच पोर, खारवलेल्या वाऱ्यात वाढलेली. आई-वडील लवकर गेले, धाकट्या साईशला तिनेच मोठं केलं. रोज सकाळी आठला ती खांबासमोर उभी राहायची. आकडा यायचा बेचाळीस, फार तर पंचेचाळीस. आतून वाणिज्यदूत ओर्बाल हात हलवायचे. पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला हा गृहस्थ दर शनिवारी स्वतः पिशवी घेऊन बाजारात यायचा आणि मोडक्यातोडक्या मालवणीत बांगड्याचा भाव करायचा. "बाई, लय म्हाग!" एवढं एकच वाक्य त्याला धड येत होतं. बायका हसायच्या आणि एखादा बांगडा वर टाकायच्या.

हे सगळं सतरा दिवसांपूर्वीपर्यंतचं.

सतरा दिवसांपूर्वी खोल समुद्रात वेळण्याच्या एका बोटीचं इंजिन बंद पडलं. बोट वाहत वाहत सेरावानच्या हद्दीत गेली. त्यांच्या गस्ती नौकेने इशारा दिला की नाही, कुणी म्हणतं दिला, कुणी म्हणतं नाही. तिने बोटीला धडक दिली एवढं मात्र खरं. बोट फुटली. गुरुनाथ, सुहास आणि लवू या तिघांना त्यांनी पाण्यातून काढलं आणि कैदेत टाकलं. चौथा हाती लागला नाही. तो साईश मेथर, वय सव्वीस. त्याचा देह दोन दिवसांनी आपल्या तटरक्षक दलाला मिळाला. सेरावानने खेद व्यक्त केला नाही. 'हद्दीचा भंग' असं दोन शब्दांचं उत्तर आलं.

तेरावं उरकलं आणि दुसऱ्या दिवशी दीपश्री वर्दी चढवून ठाण्यात हजर झाली. पोलीस निरीक्षक गवस खुर्चीतून उठलेच.

"मेथर, तुम्हाला रजा आहे. घरी बसा. त्या फाटकावर तर तुम्ही अजिबात नको."

"साहेब, मी तिथे नसले तर गाव काय समजेल? मेथरांची पोर बाजूला झाली, म्हणजे रस्ता मोकळा. मी असले तर निदान विचार करतील."

गवस पुन्हा खुर्चीत बसले. "आणि तुम्ही? तुम्ही काय कराल?"

"मी ड्युटी करीन. दुसरं येतंय काय मला?"

तिला पाठवलं यात गवसांचं चुकलं असं पुढे पुष्कळांनी म्हटलं. खरं सांगायचं तर त्यांनाही त्या वेळी तसंच वाटत होतं.

दुसरा दिवस बुधवारचा. सकाळी आठला दीपश्री खांबासमोर उभी राहिली आणि दिवा सरळ लाल झाला. अठ्ठ्याऐंशी. फाटकाशेजारच्या पोलीस चौकीत पडद्यासमोर बसलेली यंत्रतज्ज्ञ मैत्रेयी देवधर दचकली. पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आलेली ही मुलगी कामाला चोख होती. तिने बाहेर येऊन हळू आवाजात सांगितलं, "दीपाताई, तुमचा आकडा फार वर आहे. पंच्याण्णवला खांब माझं ऐकत नाही."

"ठाऊक आहे."

"म्हणजे तुम्हाला आत्ता राग..."

"राग?" दीपश्रीने कचेरीच्या खिडकीकडे बघितलं. तिथे पडदा ओढलेला होता. "या दरवाज्याकडे बघितलं की मला साईशचे हात दिसतात. पाण्याने पांढरे पडलेले. राग येतोय, मैत्रेयी. इतका येतोय की दात दुखतात. तुझा खांब खोटं बोलत नाही."

 मैत्रेयी आत गेली आणि तिने गवसांना फोन लावला.

गाव आलं साडेदहाला. शंभर-सव्वाशे माणसं असतील, त्यात निम्म्या बायका. घोषणा नाहीत, दगड नाहीत. सगळ्यांच्या खांद्यावरून एक लांबलचक जाडजूड दोर चालत येत होता. दीपश्रीने तो लांबूनच ओळखला. तो रापणीचा दोर होता.

रापण म्हणजे गावाने मिळून ओढायचं जाळं. होडीतून समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावरून सगळ्यांनी ओढायचे. ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा, मग तो तांडेल असो की वाटेवरचा वाटसरू. असा दोर घेऊन गाव फाटकाशी का आलं, ते बाबलकाकाचं डोकं. एकाने दगड मारला तर एकाला पकडतील. फाटकाला दोर बांधून सगळ्या गावाने ओढलं तर पकडणार कुणाला? एकाही माणसाचं नाव घेता येणार नाही. बाबलकाकाला या युक्तीचा मोठा अभिमान वाटत होता, आणि युक्ती होतीही तशीच.

गवस जीप दामटून पोचले तेव्हा दोराच्या टोकाचा लोखंडी आकडा फाटकाच्या गजात अडकवून झाला होता. दीपश्रीने तो काढायला हात घातला नाही. ती फाटकाला पाठ टेकून, गावाकडे तोंड करून उभी होती. तिच्याशिवाय चार शिपाई. चौकीच्या पडद्यावर लाल ठिपक्यांची दाटी झाली होती, आणि त्यातला सगळ्यात गडद ठिपका जमावात नव्हता, फाटकावर होता.

"एक्क्याण्णव," मैत्रेयी म्हणाली. "साहेब, यंत्राच्या हिशेबाने या क्षणी कचेरीला सर्वांत मोठा धोका दीपाताईंचा आहे. त्यांना हलवा."

गवस बाहेर आले. "मेथर, आत या. हुकूम आहे."

"साहेब, हुकूम लेखी द्या. तोवर मी इथे आहे," दीपश्री मागे न बघता म्हणाली. बारा वर्षांच्या नोकरीत ती वरिष्ठांना पहिल्यांदाच उलटून बोलली होती. गवसांनी पेनासाठी खिशाकडे हात नेला आणि तसाच परत घेतला.

एवढ्यात बाबलकाका पुढे आला. त्याने दोराचा मधला भाग दोन्ही हातांत धरून तिच्यासमोर केला, देवीपुढे ओटी धरावी तसा.

आता वेळण्याची एक रीत सांगितली पाहिजे. तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. ज्या घरचा माणूस दर्याने नेला, त्या घरच्या माणसाने पहिला हात लावल्याशिवाय गावाचा दोर ओढायचा नाही. महिना जावो, दोन महिने जावोत, जाळं किनाऱ्यावरच्या खोपीत पडून राहतं. एका वर्षी एका म्हातारीने अडीच महिने हात लावला नव्हता, आणि गावाने उसनवारीवर दिवस काढले, पण तिला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. साईश गेल्यापासून रापण बंदच होती. मेथरांच्या घरात आता दीपश्रीशिवाय कुणी नव्हतं. तेव्हा पहिला हात तिचा.

"हात लाव गो पोरी," बाबलकाका म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "तू नुसतो हात लाव. मगे आमी बघतो. तुज्या भावाचो दोर हा."

नकार येईल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. दुकानातून साखळी आणली असती तर कुणाला विचारायची गरज नव्हती. पण ही रापणकर माणसं, सगळ्यांनी मिळून ओढायचं म्हटल्यावर त्यांना दुसरा दोर सुचणार कुठून?

दीपश्रीने दोराकडे बघितलं. साईशने सहाव्या वर्षी पहिल्यांदा हाच दोर धरला होता आणि वाट्याला आलेली मूठभर तारली मासळी नाचत घरी आणली होती. तिला ते आठवलं. एक हात पुढे केला की संपलं. फाटक जुनं होतं, दहा मिनिटंही टिकलं नसतं. तिचे दोन्ही हात पाठीमागे गजांना घट्ट धरलेले होते. त्यांतला उजवा सुटला, थोडा पुढे आला.  पडद्यावर त्र्याण्णव.

"नाय," दीपश्री म्हणाली आणि हात मागे घेऊन पुन्हा गज धरला. "काका, मी हात लावचंय नाय."

"काय बोलतस?"

"आज ह्या दोराक माज्या घरचो हात लागाचो नाय."

जमावातून एकच गलका उठला. लवूची आई पुढे घुसली. "अगो, तुज्या भावाक मारल्यानी त्येंनी! आणि तू त्येंचो दरवाजो राखतस? लाज नाय वाटणा तुका?"

"वाटता गो, काकी! लाज वाटता, राग येता, सगळा होता!" दीपश्रीचा आवाज फाटला. "पण तुजो लवू जिवंत असा! आपलो एक साहेब तेंच्या राजधानीत बसलो हा, उद्या तो लवूक भेटाक जेलात जातलो. त्याच्या कचेरीभायर पण दगड घेवन माणसां उभी असत. आणि त्या फाटकार कोणतरी तेंचोच हवालदार उभो असा, आपल्या माणसाक राखता. तेका पण कोणतरी विचारीत असतला, लाज नाय वाटणा तुका? त्यान आज पाठ फिरवल्यान तर तुज्या लवूक भेटाक कोण जातला?"

लवूची आई दोन पावलं मागे सरकली.

"साईश येवचो नाय आता," दीपश्री म्हणाली. "तिगे येतले. तिगे येवंदेत, मगे मी दर्यार येवन हात लावतंय. तवसर दोर खोपीत."

आणि याच वेळी तिच्या छातीतलं इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं वर आलं. भाऊ येणार नाही हे ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली होती. खांबाने ते मोजलं. सत्त्याण्णव. खांबाला ती काय बोलली ते कळत नव्हतं, तिची पाठ कुणाकडे आणि तोंड कुणाकडे तेही कळत नव्हतं. त्याला आकडा कळत होता.

झोत सुटला. दीपश्रीच्या डोक्यात रस्ता गरगर फिरला, गुडघे दुमडले आणि ती फाटकाशी कोसळली. गज मात्र तिने सोडले नाहीत. दोन्ही हात वर ताणलेले, मान खाली, ओकारी दाबत ती तशीच लोंबकळत राहिली.

शंभर-सव्वाशे माणसं एकदम पुढे सरकली. आपल्या पोरीला यंत्राने पाडलं हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. आता दोर नको होता की रीत नको होती, फाटक नुसत्या छातीने मोडलं असतं. पडद्यावरचे ठिपके एकामागून एक पंच्याण्णव ओलांडू लागले. थोड्याच वेळात खांब म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळ्यांवर झोत सोडणार होता.

"साहेब, खांब बंद करायला दोघांची बोटं लागतात!" मैत्रेयी चौकीच्या दारातून ओरडली. "तुमचं आणि माझं!"

गवसांना पुढचं सगळं दिसलं. खांब बंद केले आणि फाटक पडलं, तर नोकरी जाईलच, देशाची मान जगापुढे खाली जाईल ती वेगळी. बंद नाही केले तर समोर त्यांचीच माणसं आडवी होणार. त्यांनी फाटकाला लोंबकळणाऱ्या हवालदाराकडे बघितलं. तिची बोटं गजांवर पांढरी पडली होती.

"हिच्यापेक्षा मोठा खांब आहे का इथे?" ते स्वतःशीच म्हणाले, धावत आत गेले आणि तबकडीवर अंगठा दाबला. मैत्रेयीने आपला दाबला. दोन्ही दिवे विझले.

फाटकावर आता काहीच उरलं नव्हतं. चार शिपाई आणि एक बाई, तीही गुडघ्यांवर. दीपश्रीने महत्प्रयासाने एक हात सोडवला आणि वर केला, तळवा गावाकडे. रापण ओढताना दोर थांबवायची हीच खूण. पोरासोरांनाही ठाऊक असते. ती दिसली की कुणी का असेना, पाय रोवून थांबायचं.

गाव थांबलं. पुढचे थांबले म्हणून मागचे त्यांच्यावर आदळले, कुणी पडलं, कुणी शिव्या दिल्या, पण थांबलं. बाबलकाकाने खाली वाकून फाटकाच्या गजातला आकडा स्वतःच्या हाताने काढला.  मग त्याने तो दोर फाटकासमोर, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा टाकला आणि गावाकडे वळून गरजला, "पोरीन हात लावल्यान नाय! कोणी हेच्या पलीकडे पाय टाकलो तर माज्याशी गाठ असा!"

त्या दोराच्या अलीकडे संध्याकाळपर्यंत गाव बसून होतं. पलीकडे एकही पाऊल पडलं नाही. लवूची आई तेवढी आत आली, तांब्याभर पाणी घेऊन. तिने दीपश्रीचं तोंड धुतलं, केस मागे सारले आणि म्हणाली, "बाय माजी." गवसांनी तिला अडवलं नाही. वरच्या खिडकीचा पडदा सरकला होता आणि ओर्बाल काचेला कपाळ लावून उभे होते.

पुढे दिल्लीहून चौकशी समिती आली. मैत्रेयीने अहवालात एक ओळ लिहिली: 'त्या दिवशी सर्वाधिक आवेगांक असलेल्या व्यक्तीनेच कचेरीचे रक्षण केले.' समितीने ती तीनदा वाचली आणि विचारलं, यंत्रात सुधारणा काय सुचवता? तोच प्रश्न घेऊन मैत्रेयी दीपश्रीकडे आली. "ताई, राग मोजता येतो. तो गिळून उभं राहणं कसं मोजू?"

"मला विचारतेस? शिकलेली तू आहेस!" दीपश्री म्हणाली आणि त्या घटनेनंतर पहिल्यांदा हसली. खांब तूर्त विझलेलेच राहिले. फाटकावर चार वर्षांच्या जुन्या सवयीने ती रोज आठला उभी राहायची, आणि येणारा-जाणारा तिला आता सलाम ठोकायचा. बाबलकाका तर सांगत सुटला होता, "आमच्या वेळण्याक यंत्र नको, दीपा असा!"

सहा आठवड्यांनी गुरुनाथ, सुहास आणि लवू परत आले. वाळलेले, पण धडधाकट. सेरावानने अजूनही खेद व्यक्त केला नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी पहाटे उजाडता उजाडता होडी अर्धगोल जाळं टाकून आली. दोराची दोन टोकं वाळूवर पडली होती आणि गाव दोन्ही बाजूंना उभं होतं, कुणी हात न लावता. दीपश्री साध्या साडीत आली. खाली वाकली, ओला दोर उचलला, कपाळाला लावला आणि मुठीत आवळला. मग कुठे बाकीचे हात पुढे झाले. तिच्या मागे लवू, त्याच्या मागे त्याची आई. बाबलकाका आरोळी देणार, तोच सगळ्यांच्या माना वळल्या.

वाळूतून एक माणूस चालत येत होता. पायांत चपला नाहीत, विजार गुडघ्यापर्यंत वळलेली, टकलावर घाम. ओर्बाल. ना पोलीस, ना गाडी, एकटेच. दोराच्या शेवटच्या माणसापासून दोन हातांवर ते थांबले. इतक्या दिवसांत त्यांनी कुणाकडून तरी एक नवीन वाक्य शिकून घेतलं होतं. ते त्यांनी अडखळत म्हटलं.

"मी... हात लावू काय?"

  ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा, ही रीत सगळ्यांना ठाऊक होती, आणि ओर्बालनाही ठाऊक असणार. तो वाटा द्यायचा की नाही हे ठरवायचा मान या दिवशी कुणाचा, तेही ठाऊक होतं. शंभर-सव्वाशे माणसं दीपश्रीकडे बघू लागली.

तिच्या छातीत घण पडत होते. खांब चालू असता तर दिवा लालभडक झाला असता, यात काही शंका नाही. तिने दोर सोडला नाही. ती नुसती वळली आणि त्या परक्या माणसाच्या पुढे केलेल्या, रिकाम्या हातांकडे बघत राहिली.

"बोल गो दीपा," बाबलकाका हळूच म्हणाला. "काय करूचा?"